वजा पाणी, जादा फी

मुलांचं शिबिर चालवणं अवघड असतं, ही एक अफवा आहे. मुलं आपली आपण चालतात, संधी मिळाली तर पळतात. चालवावे लागतात ते पालक. त्यांना कसं चालवायचं, याचं शिबिर मात्र अजून कुणी काढलेलं नाही. काढलं तर एकट्या बारामती-इंदापुरातून पहिली तुकडी भरेल, कारण मे महिना लागला की या दोन तालुक्यांतले निम्मे चित्रकला शिक्षक, पीटीचे सर आणि हार्मोनियमवाले 'शिबिरप्रमुख' झालेले असतात.

आमचे एक स्नेही त्यांतलेच. वर्षभर फळ्यावर आंबा काढून दाखवतात आणि मे महिन्यात त्यांना आंबा खायला उसंत नसते. त्यांचं शिबिर बारामतीहून इंदापूरला जाणाऱ्या रस्त्याकडेच्या एका मंगल कार्यालयात भरतं. त्यामुळे शिबिराच्या तारखा शिक्षण खातं ठरवत नाही, पंचांग ठरवतं. मोठी तीथ आली की शिबिराला सुट्टी. दुसऱ्या दिवशी पोरं आत येतात तेव्हा व्यासपीठावर आदल्या दिवशीच्या नवरा-नवरीची नावं तशीच असतात, आणि 'शुभविवाह' या पाटीखाली आमची पोरं सूर्यनमस्कार घालतात. त्या दोन लालभडक खुर्च्यांवर कुणी बसायचं, यावरून शिबिरातली पहिली मारामारी होते. सरांनी शेवटी त्याचंच बक्षीस करून टाकलं. जो सर्वांत आधी चपला रांगेत लावेल, त्याला पाच मिनिटं नवरदेवाची खुर्ची. व्यक्तिमत्त्व विकासाची याहून स्वस्त योजना मी पाहिलेली नाही.

पूर्वी सुट्टीत मामाचं गाव असायचं म्हणतात. मामा अजून आहे, गावही जागच्या जागी आहे. पण मामानं स्वतःची पोरं शिबिरात घातलीत, आणि भाचा येणार म्हटल्यावर त्याचाही फॉर्म भरून ठेवलाय. 'दोन भावंडांना दहा टक्के सूट' या कलमात मामेभाऊ बसतो का, यावर सरांना दर वर्षी निवाडा द्यावा लागतो. त्यात २०२५ साली सरकारनं पहिली ते नववीच्या परीक्षा २५ एप्रिलपर्यंत लांबवल्या. सुट्टी आखडली. फी आखडल्याचं कुठं ऐकिवात नाही.

फॉर्मवर एक रकाना असतो: पाल्याकडून अपेक्षा. हा रकाना सरांनी कधी काळी भाबडेपणानं छापला आणि आता तो काढता येत नाही. 'मोबाईल सुटावा.' 'स्टेज डेअरिंग यावं.' 'पालेभाजी खावी.' एका आईनं लिहिलं, 'जरा शांत बसावं.' त्याखालच्याच फॉर्मवर, 'जरा बोलावं.' सरांनी त्या दोन पोरांना शेजारी बसवलं. तिसऱ्या दिवसापासून दोघं मिळून बोलू लागली आणि पकडली गेली की मिळून शांत बसू लागली. दोन्ही घरांतून आभाराचा फोन आला.

मोबाईलचं मात्र सोपं नाही. मुलाचा मोबाईल सुटावा म्हणून आलेली माउली त्याला फाटकात सोडते आणि गाडी वळवायच्या आत ग्रुपवर विचारते, 'सर, आजचे फोटो?' अजून पोरानं चपलासुद्धा काढलेल्या नसतात. या ग्रुपसाठी सरांनी एक मुलगा पगारी ठेवलाय. त्याचं काम फक्त फोटो. तो येईपर्यंत खेळ सुरू होत नाही आणि त्याचं समाधान होईपर्यंत संपत नाही. पोत्याची शर्यत एकदा तीन वेळा पळवली, कारण पहिल्या वेळी ऊन समोरून होतं आणि दुसऱ्या वेळी मागून बोकड गेला. पहिल्या खेपेला जिंकलेलं पोरगं दमून तिसऱ्या खेपेला चौथं आलं. ग्रुपवर गेली ती तिसरी खेप. संध्याकाळी त्याच्या वडिलांचा फोन: 'सर, तो तर म्हणतोय मी पहिला आलो. खोटं बोलायला कुठं शिकला?'

उद्घाटनाचं थोडक्यात उरकतो; पाहुणे उरकत नाहीत म्हणून निदान मी तरी. आपल्याकडे पाहुण्याशिवाय गुऱ्हाळसुद्धा सुरू होत नाही, तर शिबिर कसं होणार? कुणी कारखान्याचे संचालक, कुणी पतसंस्थेचे अध्यक्ष. शिबिर सकाळी सातला ठेवलंय ते बारामतीच्या उन्हाला भिऊन, आणि पाहुणे दहाला येतात ते कुणालाही न भिता. समई पेटवायची म्हणून पंखे बंद. समई पेटेना म्हणून पंखे आणखी बंद. पत्र्याखाली शंभरेक पोरं घामानं निथळत असताना नवरदेवाच्या खुर्चीत बसलेले पाहुणे शिस्तीचं महत्त्व सांगतात. आमच्या वेळी असली शिबिरं नव्हती, तरी आम्ही घडलो, असंही सांगतात. त्यांचा स्वतःचा नातू त्याच आठवड्यात पाचगणीला घडायला गेलेला असतो.

२०२४ ची गोष्ट वेगळी. तेव्हा पाहुणेच मिळेनात. ७ मेला बारामती लोकसभेचं मतदान होतं, घड्याळ आणि तुतारी समोरासमोर, नणंद आणि भावजय समोरासमोर. कुणालाही बोलवावं तर दुसरी बाजू रुसणार. उद्घाटन त्या साली कार्यालयाच्या वॉचमनच्या हस्ते झालं आणि दहा मिनिटांत झालं. सरांचे संघ नेहमीचे: रायगड, राजगड, तोरणा, सिंहगड. पोरांनी चिन्हांची नावं मागितली, सरांनी गड सोडले नाहीत. पण दोन सख्खे भाऊ वेगवेगळ्या संघांत गेले म्हणून आजी भांडायला आल्या. एकाच घरातली पोरं एकमेकांविरुद्ध कशी उभी करता, म्हणाल्या. सर म्हणाले, "आजी, यंदा आपल्याकडं हीच पद्धत आहे."

आता पत्रकाकडे येऊ, कारण सगळा घोटाळा तिथून सुरू होतो. पत्रकावर काय नसतं? झुम्बा, स्लाइम, रोबो, कॅलिग्राफी, आगीविना स्वयंपाक. मध्यंतरी डोळ्यांवर पट्टी बांधून पुस्तक वाचायला शिकवणारेही फिरत होते. पोरं नाकाशेजारच्या फटीतून वाचतात हे पोरांना पहिल्या दिवशी कळायचं, पालकांना पैसे भरून झाल्यावरही कळायचं नाही. पत्रकावर नसतं ते फक्त बारामती आणि इंदापूर. ती दोन नावं खाली, पत्त्यात असतात.

रेन डान्स घ्या. हे पत्रकातलं सर्वांत मोठं अक्षर. सुपे-मोरगावच्या जिरायती पट्ट्यात मे महिन्यात पाण्याचा टँकर यायची वाट बघणारी गावं, आणि त्याच तालुक्यात टँकर मागवून, पाणी पाइपानं वर चढवून पुन्हा खाली पाडायचं, त्याखाली पोरं नाचवायची. बागायतदाराच्या पोराला यात नवल नाही, त्याच्याकडे ठिबक आहे. सुप्याकडून आलेली एक मुलगी मात्र नाचायचं सोडून खाली बादली धरून उभी राहिली होती. तिला 'सहभाग नाही' असा शेरा मिळाला.

आणि मग २०२५ चा मे आला. पावसानं पत्रक वाचलं असावं. २५ मेला मान्सून महाराष्ट्रात दाखल झाला, इतक्या लवकर की हवामान खात्याला जुनी दप्तरं काढावी लागली. बारामती-इंदापुरात तर त्याच्या आधीपासून झोडपणं चालू होतं. नीरा डावा कालवा पिंपळीजवळ फुटला, घराघरांत पाणी, रस्ते बंद, एनडीआरएफची पथकं. ज्या कालव्यानं सव्वाशेहून अधिक वर्षं या भागाला पाणी पाजलं, तो एका रात्रीत दारात आला. पाऊस ओसरल्यावर सरांनी मला ग्रुपवरची त्या दिवशीची सूचना दाखवली: 'अतिवृष्टीमुळे आजचा रेन डान्स रद्द. पुढील तारीख कळवण्यात येईल.' त्याखाली एका पालकाचा प्रश्न होता, रेन डान्सचे पैसे परत मिळणार का.

पत्रकातला सगळ्यांत महागडा प्रकार म्हणजे 'एक रात्र तंबूत'. भाड्याचे तंबू, शेकोटी, चुलीवरची भाकरी, पहाटे उठून बैलगाडीची चक्कर. कारखान्याकडच्या एका मोकळ्या रानात हे होतं. त्याच रानात मार्चपर्यंत कोप्या होत्या. बीडकडची, नगरकडची ऊसतोडणीची बिऱ्हाडं. त्यांची पोरं पाच महिने तंबूहून ठेंगण्या झापाखाली झोपली, पहाटे तीनला उठली, चुलीवरचं जेवली, बैलगाडीतून रोज गेली. पत्रकातली एकही गोष्ट त्यांची चुकली नाही. शाळा तेवढी चुकली. प्रमाणपत्र कुणाला मिळालं ते सांगायला नको. बेडन पॉवेलनं १९०७ मध्ये ब्राउन्सी बेटावर जो पहिला तळ टाकला, त्यात मोठ्या घरच्या शाळांतली आणि कामगारांच्या वस्तीतली पोरं त्यानं मुद्दाम एकत्र मिसळली होती, असं सरांनी एका पालकसभेत सांगून पाहिलं. "ते इंग्लंडमध्ये चालतं सर," एक गृहस्थ म्हणाले.

सरांना खरी भीती वाटते ती शेजारच्या गावच्या देवळातल्या शिबिराची. वारकरी बालसंस्कार शिबिर. जोग महाराजांनी १९१७ मध्ये आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली, तिथं शिकून गेलेल्यांपैकी कुणी ना कुणी अशा शिबिरात शिकवायला असतो. पहाटे काकडा, मग हरिपाठ, पखवाज, टाळ, पावल्या. जेवण गावातल्या घरांकडून वारीवारीनं. याच रस्त्यानं आषाढात तुकोबांची पालखी जाते आणि बेलवाडीला रिंगण होतं, तेव्हा त्या पोरांना आपण कशाची तयारी करतोय हे विचारावं लागत नाही. "त्यांची पोरं पाचला उठतात," सर म्हणतात, "आणि आमच्या पोरांच्या 'गुड मॉर्निंग'ला सात वाजतात." माझं मत जरा निराळं आहे. तिथंही समारोपाचा फ्लेक्स आता देवळाच्या कळसाला झाकेल एवढा झालाय आणि त्यावर पोरांपेक्षा सौजन्य करणाऱ्यांचेच चेहरे जास्त. पण पखवाज वाजतो तेव्हा फोटो काढायला कुणी थांबवत नाही, हे खरं.

असो. ज्या दिवसाबद्दल सांगायचं तो दिवस यंदाचाच, वार आठवत नाही. पत्रकाप्रमाणे त्या दिवशी पुण्याहून 'स्पेस ट्रेनर' येणार होते. प्लास्टिकच्या बाटलीचं रॉकेट उडवणार होते. सकाळी आठपासून दोन तास, आणि ग्रुपवर आदल्या रात्रीपासून उलटी गणती चालू. पावणेआठला फोन आला, ट्रेनर पाटसच्या टोलनाक्यापाशी अडकलेत. सव्वाआठला पुन्हा फोन, अजून पाटसलाच आहेत. साडेआठला त्यांचा फोन लागेना. थेट अवकाशात गेले असावेत.

शंभर पोरं आणि रिकामे दोन तास. शिबिर चालवणाऱ्याच्या तोंडचं पाणी पळवायला एवढं पुरेसं आहे. सरांनी आधी टाळ्यांचे प्रकार घेतले, पावसाची टाळी, वादळाची टाळी, मग सगळे प्रकार संपले. तेव्हा त्यांची नजर नातवाला सोडायला आलेल्या आणि पंख्याखाली पेपर वाचत बसलेल्या एका निवृत्त मराठीच्या गुरुजींवर गेली. "गुरुजी, काहीतरी घ्या ना. दहा मिनिटं."

गुरुजींनी पेपराची घडी घातली, माइक बाजूला ठेवला आणि विचारलं, "मोरोपंत कोण होते?" शांतता. एक हात वर आला: "नाट्यगृह." बारामतीच्या पोराकडून हे उत्तर आलं तर त्याला चूक म्हणता येत नाही. मग गुरुजींनी सांगितलं. मोरोपंत पराडकर, जन्म १७२९, पन्हाळ्याचे. तरुणपणी बारामतीला बाबूजी नाइकांच्या आश्रयाला आले, ते १७९४ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत इथलेच झाले. पुराण सांगायचे आणि लिहायचे. रामायण एकदा लिहून त्यांचं समाधान झालं नाही, म्हणून त्यांनी ते शंभराहून अधिक वेळा लिहिलं, असं मानतात, आणि बहुतेक वेळी काहीतरी कारागिरी करून. त्यांतलं एक निरोष्ठ. ओठाला ओठ लावायचा नाही. प, फ, ब, भ, म बंद. "शास्त्रानं उ, ऊ पण ओठांतलेच," गुरुजी म्हणाले, "पण तुम्हाला सूट. आता एकेकानं उभं राहून आपल्या गावाचं नाव सांगायचं."

पहिला उठला तो ठसक्यात म्हणाला, "बारामती." दोनदा बाद. इंदापूरवाला हसला आणि 'प'वर गेला. भिगवण बाद, बेलवाडी बाद, निमगाव केतकी बाद, पळसदेव तर तोंड उघडताच बाद. सणसर जिंकलं. लासुर्णे जिंकलं. काटेवाडी, वालचंदनगर जिंकलं. तालुक्याची ठिकाणं सगळी घरी आणि खेडी मैदानात, असं चित्र या भागात मी पहिल्यांदाच पाहिलं. सुट्टीला मावशीकडे आलेलं दौंडचं एक पोरगं छाती काढून उभं राहिलं. "दौंड," म्हणालं. टाळ्या. जोरात आलं आणि पुढं बोललं, "दौंडला गाडी थांब–"

मग दुसरी फेरी, पूर्ण वाक्याची. आणि खरी पंचाईत इथं सुरू झाली. 'मी' म्हणता येईना. 'मला' नाही, 'माझं' नाही, 'आम्ही' नाही. 'मम्मी', 'पप्पा' गेले. 'मोबाईल' गेला. 'पाणी' आणि 'भूक' दोन्ही गेल्यामुळे एकाला "गुरुजी, घसा सुकला" असं म्हणावं लागलं, आणि तो सुटला. 'पण' हा शब्द गेल्यावर तर शिबिरातले सगळे वादच थांबले. कुणी तक्रार करायला तोंड उघडायचं, पहिलं अक्षर ओठांवर यायचं आणि आजूबाजूची पंधरा पोरं "बाद!" म्हणून ओरडायची. ओरडणारी पंधरासुद्धा बाद, कारण 'बाद'मध्ये 'ब'. हे गुरुजींनी दाखवून दिल्यावर हसून हसून रांगा मोडल्या. ज्या मुलीच्या फॉर्मवर 'जरा बोलावं' होतं, ती शेवटी उठली आणि सावकाश म्हणाली, "गाईनं चारा खाल्ला, ताईनं ऊस खाल्ला, नंतर ताई हसली, नंतर गाई हसली." एकही ओठ लागला नाही. त्या दिवशीची नवरदेवाची खुर्ची तिला.

मी मनात म्हटलं, हाच नियम उद्घाटनाच्या भाषणाला लावला तर? 'मी' नाही, 'माझं' नाही. पाहुणे समई पेटवून गप खाली बसतील. पालकांचा ग्रुप तर त्याच दिवशी बंद पडेल.

दहा मिनिटांचा तास झाला होता. ट्रेनर नव्हतेच. सरांना धीर आला आणि त्यांनी रॉकेटचा विषय आपणच काढला, बाटल्या आणून ठेवल्या होत्या म्हणून. लॅपटॉपवर ट्रेनरनी आधी पाठवलेली चित्रं होती, सगळी अमेरिकेची. चौथं चित्र चालू असताना वालचंदनगरचा एक मुलगा म्हणाला, "सर, माझे आजोबा रॉकेटचं वेल्डिंग करायचे." पोरं हसली. सरही 'हो हो, बस' म्हणणार होते. गुरुजींनी त्यांना थांबवलं. वालचंदनगरच्या कारखान्यात इस्रोच्या रॉकेटांची मोटर केसिंग बनतात, भारताचं उपग्रह सोडणारं पहिलं रॉकेट जुळत होतं तेव्हापासून. २०२३ च्या जुलैत चांद्रयान-३ घेऊन जे उडालं, त्यालाही इंदापूर तालुक्याचा हात लागलेला आहे. साखरेची यंत्रं करणारं गाव रॉकेटाचा सांगाडा करतं, आणि आम्ही रॉकेट शिकवायला पुण्याहून माणूस मागवतो, तो पाटसला अडकतो, आणि ज्याच्या घरात वेल्डिंगचा चष्मा खुंटीला टांगलेला आहे तो मागच्या रांगेत बसतो. पोरांनी मग त्या मुलाला गराडा घातला. आजोबांना चांदीचे पैसे मिळायचे का? रॉकेटमध्ये बसून बघितलं का? वेल्डिंग सुटलं तर? शेवटच्या प्रश्नाला तो गंभीर झाला. "सुटत नाही," म्हणाला. "फोटो काढून तपासतात. एक्स-रे." हाड मोडल्यावरच एक्स-रे काढतात असं समजणारी चाळीसेक पोरं त्या मिनिटाला जी गप झाली, तशी ती ध्यानाच्या तासालाही होत नाहीत.

फोटोवाला मुलगा या सगळ्या वेळात कॅमेरा घेऊन उभा होता. "सर, यात काढायचं काय?" असं त्यानं दोनदा विचारलं. बॅनर नाही, साहित्य नाही, ट्रेनर नाही. नुसती पोरं.

दुपारचा बेत ठरलेलाच होता, उजनी धरणाचा फुगवटा. एरवी शिबिर साडेअकराला सुटतं, पण सहलीच्या दिवशी जेवणानंतर उन्हं कलल्यावर दोन बस निघतात. पत्रकावर गुलाबी रोहित पक्ष्यांचा थवा छापलेला. ते पाहायचे दिवस हिवाळ्याचे, ही बारीकशी गोष्ट पत्रकात मावली नसावी. पण मे महिन्यात उजनीकाठी पाहण्यासारखं दुसरं काही असतं, जे छापायचं कुणाला सुचत नाही: नसलेलं पाणी. पाणी उतरत जातं, भेगाळलेला गाळ वर येतो, पळसदेवच्या पळसनाथाचं बुडालेलं जुनं देऊळ दगडादगडानं उघडं पडतं. धरण भरलं तेव्हा जुनं गाव पाण्याखाली गेलं आणि माणसं वर आली. तिथल्या एका पोरीनं चिखलातल्या एका उंचवट्याकडे बोट करून "ते आमचं घर" असं सांगितलं. ती कधी त्या घरात राहिलेली नाही, तिचा बापही नाही.

बसमध्ये एकानं पेपरातलं काढलं. "सर, पेपरात येतंय उजनी वजा वीस, वजा तीस. पाणी वजा कसं काय असतंय?"

सरांचा विषय चित्रकला. ते म्हणाले, गणिताच्या सरांना विचार. दुसरा म्हणाला, "म्हंजे आपण पाणी देणं लागतो. पुढच्या पावसाचं आधीच वापरलं." हे उत्तर पाटबंधारे खात्यानं भिंतीवर लावायला हरकत नाही. शेवटी ड्रायव्हरनंच खुलासा केला. "टाकीची तोटी बुडाला नसती, जरा वर असती का न्हाय? तोटीच्या खाली जे उरतंय ते मायनस." बरोबर. उजनीत साधारण ११७ टीएमसी पाणी मावतं, त्यातलं ६३ टीएमसीहून अधिक त्या तोटीखालचं, मृत साठा. शून्य टक्के म्हणजे धरण कोरडं नव्हे, निम्म्याहून जास्त भरलेलं. २०२४ च्या उन्हाळ्यात हा आकडा उणे साठच्या घरात गेला होता. ज्याला कागदावर मृत म्हणतात, ते पाणी उपसून उपसून त्या साली माणसं आणि उसाची मुळं जगली.

"मग मासे?" मागून प्रश्न आला. "मासे कुठल्या पाण्यात धरायचे? प्लस का मायनस?" भिगवणच्या बाजारात हा प्रश्न विचारला तर मरळ आणि चिलापी दोन्ही एका भावात मिळतील, एवढंच ड्रायव्हरला सांगता आलं.

काठावर होडीवाले होते. पोरांनी होडीचा धोशा लावला, दोन शिक्षिकाही त्यांना सामील. सरांनी साफ नाही म्हटलं. २१ मे २०२४ ला कुगावहून कळाशीकडे येणारी बोट याच पाण्यात वाऱ्यानं उलटली आणि सहा माणसं गेली, त्यांत लहानगीही होती. मे महिन्यातलं वळवाचं वारं पत्रक वाचून येत नाही. सर शेततळ्याच्या काठालाही पोरं फिरकू देत नाहीत. प्लास्टिकच्या कागदावरून आत घसरायला एक क्षण लागतो आणि वर यायला धरायला काहीच नसतं. याबाबतीत त्यांच्याशी वाद घालायला मी एकाही पालकाला पाहिलेलं नाही, म्हणजे निदान एक जागा आहे जिथं सगळ्यांचं जमतं. पोरं मग गाळात उतरली, घोट्यापर्यंत, आणि परतताना दोन्ही बस धुवाव्या लागल्या.

संध्याकाळी सात वाजता ग्रुप पेटला.

'सर, आज ट्रेनर आले नाहीत असं कळलं.' 'आमच्या शौर्यनं घरी आल्यापासून बोलणं बंद केलंय, विचारलं तर ओठ दाबून नुसतं मान हलवतो. काही झालंय का?' 'आमची रिया मला मम्मी म्हणायला तयार नाही.' 'युनिफॉर्म चिखलानं भरलाय, हे कुठल्या ॲक्टिव्हिटीत येतं?' 'रॉकेटच्या तासाचे पैसे वळते करून घ्यावेत ही विनंती.' या विनंतीखाली एकोणतीस अंगठे. वालचंदनगरच्या मुलाच्या आजोबांचा अंगठा त्यात नव्हता, ते ग्रुपवर नाहीत.

सरांनी रात्री मला फोन केला. आवाज पडलेला. पैसे परत करायचे तर मंडपवाल्याचं देणं कसं भागवायचं, आणि न करायचे तर पुढच्या वर्षी पोरं येणार कशी. मी म्हटलं, गुरुजींना रोज बोलवा. ते म्हणाले, बोलवतो, पण फुकट शिकवतात म्हटल्यावर पालक त्यांना ट्रेनर कसे मानतील? बराच वेळ फोनवर कागद खरडल्याचा आवाज येत होता. नव्या तुकडीच्या पत्रकात आता हे छापून आलंय: 'लिप-कंट्रोल मेमरी बूस्टर, तज्ज्ञ मार्गदर्शक, मर्यादित जागा.' त्याखाली 'मायनस वॉटर मॅथ्स, प्रत्यक्ष धरणस्थळी'. दोन्हींना वेगळी फी. जागा भरल्या आहेत, आणि गुरुजींनी कोट शिवायला टाकलाय.